हरवलेला कागद : शपथ कशाची घ्यावी?



वर्धा, हिंगणघाट, आर्वी, कुठल्याही तहसील कचेरीच्या आवारात गेलात तर अर्जनवीस टाइप करीत असलेला एक मजकूर ओळखीचा वाटेल. ‘मी खाली सही करणार, व्यवसाय शेती, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझा मूळ दाखला प्रवासात गहाळ झाला असून शोध घेऊनही मिळून आलेला नाही. तो कुठेही गहाण ठेवलेला नाही. सापडल्यास कार्यालयात जमा करीन.’ मग सही, नोटरीचा शिक्का, आणि अ‍ॅफिडेव्हिट झालं म्हणजे काम झालं, ही समजूत. आज मला एवढेच मांडायचे आहे की, हे प्रतिज्ञापत्र कागद हरवल्याची साक्ष देते, हरवलेल्या कागदात काय लिहिले होते याची नाही. ती साक्ष दफ्तराने द्यायची असते. ही दोन कामे आपण एकात कालवली आहेत. त्यापायी कुठे नागरिक नाहक हेलपाटे घालतो, तर कुठे खोट्याला वाट मिळते.

कायद्याची भूमिका याबाबत जुनी आणि स्पष्ट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९, नियम ३ प्रमाणे प्रतिज्ञापत्रात मुळात तेवढीच तथ्ये यावीत, जी लिहून देणारा स्वतःच्या माहितीने सिद्ध करू शकतो. १८७२ चा पुरावा कायदा प्रतिज्ञापत्रांना लागू नव्हता, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती बाहेरच ठेवली आहेत. म्हणजे शपथेवर लिहून दिले एवढ्यानेच मजकूर सिद्ध होत नाही. मूळ दस्त हरवला तर दुय्यम पुरावा देता येतो, आणि सार्वजनिक दस्ताच्या बाबतीत तो प्रमाणित नकलेचा असतो. ती नक्कल शपथेतून निघत नाही, नोंदवहीतून निघते.

आता आपल्या घरातल्या ट्रंकेतले कागद एकेक करून पाहा. दहावीची गुणपत्रिका हरवली, तर गुणांची नोंद नागपूर विभागीय मंडळाकडे आहे. शाळा सोडल्याचा दाखला गेला, तर शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आहे. खरेदीखत गेले, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्ताची नक्कल मिळते. सातबारा तर डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या निघतो. घरातला कागद गेला तरी नोंद जात नाही. ती सरकारच्याच कपाटात आहे. मग जे सरकारला स्वतःच्या वहीत पाहून कळते, ते नागरिकाने शपथेवर कशाला सांगायचे? त्याने सांगावे ते फक्त त्यालाच ठाऊक असलेले: कागद हरवला, आणि तो कुणाकडे तारण नाही. यातले दुसरे वाक्य बारीक वाचा. खरेदीखत बँकेत ठेवून कर्ज काढणारा माणूस ‘हरवले’ म्हणून नक्कल काढून तीच जमीन दुसऱ्याला दाखवू शकतो. त्या चार ओळींतली खरी किमतीची ओळ ‘गहाण ठेवलेला नाही’ हीच आहे, आणि टाइप करताना तीच सर्वांत कमी वाचली जाते.

प्रश्न कठीण होतो तो दफ्तरच अपुरे असते तेव्हा. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला, मध्य प्रांतात राहिला, पुढे मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राजवटी बदलल्या तसे नोंदींचे नमुने बदलले. जातपडताळणीसाठी आजही इथे कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल शोधत माणसे अभिलेख कक्षात फिरतात, आणि हाती येते ती नोंद बहुधा अशी असते: तारीख, गाव, बापाचे नाव, जात, आणि पुढे नुसता ‘मुलगा’. मुलाचे नावच नाही. तो बिननावाचा मुलगा म्हणजेच आपले आजोबा, हे नातू शपथेवर सांगतो. पण आजोबांचा जन्म त्याने पाहिलेला नाही; त्याला ठाऊक आहे ती वंशावळ. म्हणून त्याच्या शपथेला शाळेची नोंद, जमिनीचा अधिकार अभिलेख, भावकीतल्या वडीलधाऱ्यांचे जबाब यांची जोड लागते. स्वातंत्र्यपूर्व कागदांचे पुराव्याचे मोल अधिक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये विदर्भातल्याच एका प्रकरणात म्हटले आहे. शपथ इथे दोन नोंदींना जोडते. नोंदच नसेल तर ती जोडणार कशाला?

यावर आक्षेप येतो की, शपथ सैल केली तर लबाडांचे फावेल. महाराष्ट्राने मार्च २०१५ मध्ये बहुतेक सेवांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र मान्य केले, तेव्हाही ही भीती होतीच. पण शिक्षेची तरतूद कायद्यात आहे, मुद्रांकात नाही. खोट्या कथनासाठी आता भारतीय न्याय संहितेची २२९ आणि २३६ ही कलमे आहेत. उशिराच्या जन्मनोंदींचे उदाहरण घ्या. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने वर्षानंतरच्या नोंदीचे आदेश कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या कक्षेत आले. अपुऱ्या कागदांवर आदेश दिल्याच्या तक्रारी झाल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याला ते काम थांबवावे लागले. मार्चमध्ये पडताळणी कडक केली गेली. तिथे शिक्क्यांची वाण नव्हती, तपासणीची होती.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: कचेरीतला बाबू स्वयंघोषणापत्र घेतच नाही, मग गरिबाने भांडत बसायचे का? आक्षेप खरा आहे. सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान शुल्क १०० वरून ५०० रुपये झाल्यावर विद्यार्थ्यांकडून पाचशेचा स्टॅम्प मागितला जाऊ लागला आणि महसूलमंत्र्यांना पुन्हा खुलासा करावा लागला. पाचशे रुपये म्हणजे शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीहून अधिक. तेव्हा मागणी करायची ती शपथ रद्द करण्याची नाही. अर्ज येताच कार्यालयाने आधी आपली वही उघडावी. नोंद सापडली तर घोषणापत्रावर नक्कल द्यावी. तारणाची शक्यता असेल किंवा नोंदीत खरेच खिंडार असेल, तिथेच प्रतिज्ञापत्र मागावे, आणि ते लिहून देणाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नये. एवढे झाले तर प्रतिज्ञापत्रे थोडी होतील, आणि जी होतील ती लोक जपून करतील.