हिरवळीखालची वीतभर माती

नव्या घराभोवती हिरवळ अंथरली की घर पूर्ण झाल्यासारखे दिसते. परंतु त्या हिरवळीला पुढील कित्येक वर्षे किती पाणी द्यावे लागणार, हे गवताच्या जातीबरोबरच तिच्याखाली किती आणि कशी माती आहे यावर ठरते, आणि ही माती घर विकत घेणाऱ्याला कधीच दिसत नाही. बांधकामाच्या आरंभी जमिनीचा वरचा सुपीक थर खरवडून काढला जातो, उरलेली जमीन यंत्रांच्या चाकांखाली दबून घट्ट होते, आणि शेवटी तिच्यावर दोन-तीन इंच माती पसरून गवत लावले जाते. अशा जमिनीत पाण्याला मुरायला वाव नसतो आणि मुळांना खोल जायला वाट नसते.

सकस मातीच्या घनफळाचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ असतो. त्यांतील मोठ्या पोकळ्यांमधून जास्तीचे पाणी निचरून जाते, तर बारीक पोकळ्यांमध्ये ते धरून ठेवले जाते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, ती हवा आणि ओल यांची मुळांना मानवणारी स्थिती याच रचनेतून निर्माण होते. कुजलेला पालापाचोळा, शेणखत किंवा कंपोस्ट यांतून येणारे सेंद्रिय द्रव्य मातीचे कण एकत्र बांधून ही रचना टिकवते. पोयट्याच्या मातीत झाडांना उपयोगी पडणारे पाणी घनफळाच्या साधारण 15 टक्के धरले, तर 20 सेंटीमीटर जाडीच्या थरात दर चौरस मीटरमागे 30 लिटर पाणी साठते, आणि 5 सेंटीमीटरच्या थरात जेमतेम साडेसात लिटर. उन्हाळ्यात हिरवळ दिवसाला पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरमागे पाच-सहा लिटर, पाणी बाष्परूपाने सोडत असेल, तर पातळ थरावरील गवत दुसऱ्याच दिवशी मान टाकू लागते.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ओकानागन खोऱ्यात हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. हे खोरे पर्वतांच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथे वर्षाला साधारण 300 ते 400 मिलिमीटर एवढीच वृष्टी होते. फळबागा आणि द्राक्षमळे त्याच पाण्यावर अवलंबून असताना एकूण वापरापैकी सुमारे 24 टक्के पाणी घरांभोवतीच्या हिरवळींवर आणि बागांवर खर्च होते, असे 1970 मध्ये स्थापन झालेल्या तेथील जलमंडळाचे म्हणणे आहे. गवताला पाणी कधी द्यावे, याचे निर्बंध दर उन्हाळ्यात नव्याने पाळावे लागतात. माती मात्र एकदाच नीट घालावी लागते. म्हणूनच नगरपालिकांनी वरच्या मातीविषयी स्थानिक नियम कसे करावेत, याची मार्गदर्शिका या मंडळाच्या पुढाकाराने तयार झाली.

सीमेपलीकडील अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, मुख्यतः पावसाचे पाणी जागीच मुरावे या हेतूने, असाच दंडक घातलेला आहे. तेथे सुपीक थर किमान 8 इंचांचा असावा लागतो. त्यात फुलझाडांच्या वाफ्यांत 10 टक्के आणि हिरवळीखाली 5 टक्के सेंद्रिय द्रव्य असावे, आणि त्याखालची दबलेली जमीन आणखी 4 इंच मोकळी करावी, अशी अपेक्षा असते. ही शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे, कारण घट्ट तळावर चांगली माती टाकली तर पाणी तळाशी अडून मुळे गुदमरतात. तपासणीची रीत साधी आहे: निरीक्षक फावड्याने खड्डा खणतो आणि थर मोजतो. डेन्व्हर शहराच्या जलपुरवठा संस्थेने तर ही अट थेट नव्या नळजोडणीशी बांधली असून, दर एक हजार चौरस फुटांस सुमारे 3 घनमीटर कंपोस्ट 6 इंच खोलीपर्यंत मिसळणे तेथे आवश्यक केले आहे.

तथापि, माती सुधारली आणि स्वयंचलित फवारे पूर्वीच्याच वेळापत्रकाने चालू राहिले, तर एक थेंबही वाचत नाही. तसेच, कंपोस्ट बेसुमार घातल्यास त्यातील फॉस्फरस वाहून तलावांत जातो आणि शेवाळ माजते. म्हणून किमान प्रमाणाइतकीच कमाल मर्यादाही हवी.

भारतात मोठ्या गृहप्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देताना वरची माती 20 सेंटीमीटरपर्यंत काढून, जपून ठेवून, लागवडीसाठी पुन्हा वापरावी, अशी अट घालण्याची पद्धत आहे. ही मंजुरी साधारणपणे 20,000 चौरस मीटर आणि त्याहून अधिक बांधकामाला लागते. गावोगावच्या छोट्या वसाहती तिच्या कक्षेत येत नाहीत. शिवाय दख्खनची काळी माती पाणी भरपूर धरते, पण दबली की ते आत घेत नाही, आणि कोकणातल्या जांभ्यावरच्या मातीतून पाणी झरझर निघून जाते; या दोन्हींना एकच माप लावता येणार नाही. वॉशिंग्टनचे 8 इंच जसेच्या तसे उचलण्यापेक्षा प्रत्येक नगरपालिकेने आपल्या मातीचे माप स्वतः ठरवावे आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी, हिरवळ अंथरली जाण्याच्या आधी, फावड्याने एक खड्डा खणून ते तपासावे, हे अधिक योग्य ठरेल.