अंजिराचा मुरंबा, पाहुण्यांसाठी

आपल्या पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पिकून उकललेलं फळ व्यापारी अजूनही बाजूलाच काढतो. त्याचाच मुरंबा आम्ही गटात करतो. आंबूस वासाचं फळ तेवढं फेकायचं. किलोला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबं. लिंबू नुसतं चवीला नाही हं. अंजिरात आंबटपणा कमी, त्याशिवाय मुरंबा टिकत नाही. मंद आचेवर ढवळत राहा. बशीवरचा थेंब पसरला नाही, की उतरवा.

पाहुण्यांना गरम पोळी, वर तूप नि चमचाभर मुरंबा. नाहीतर घट्ट दह्यात कालवून वाटीत द्या. एका बारशाला असाच वाढला, तर पाहुण्या बरण्याच मागायला लागल्या. आता आम्ही बरणीवर किंमत लिहूनच ठेवतो.