पेरूचे कलम घेताना जात कशी ओळखाल?



पावसाळा तोंडावर आला की पेरूच्या लागवडीची घाई सुरू होते. आज पेरूच्या मुख्य जाती आणि त्यांच्या खुणा सांगतो.

सरदार (एल-49) : ही जात 1927 साली पुण्याच्या गणेशखिंड येथील फळबागेत निवडली गेली. बी मात्र लखनौचे होते, म्हणून तिला लखनौ-49 असेही म्हणतात. झाड बुटके आणि पसरट, फांद्या खाली झुकलेल्या. फळ मोठे, सालीवर हात फिरवला तर उंचवटे लागतात. गर पांढरा, गोड, थोडी आंबूस चव.

अलाहाबाद सफेदा : झाड उंच वाढते. फळ गोल, साल गुळगुळीत, पिकल्यावर पिवळसर पांढरी. गर पांढरा आणि गोड. सरदार व सफेदा यांत घोटाळा होत असेल तर साल पाहा : खडबडीत ती सरदार, गुळगुळीत तो सफेदा.

ललित : लखनौच्या केंद्रीय संशोधन संस्थेने ही जात काढली. साल केशरी-पिवळी, कधी तांबूस झाक, गर गुलाबी. खायला चालतेच, पण सरबत व जेलीसाठी विशेष चांगली. जवळ प्रक्रिया करणारा गिऱ्हाईक असेल तर हिचा विचार करा.

अर्का मृदुला : बंगळूरच्या संस्थेने सफेद्याच्या रोपांतून निवडली. नावाप्रमाणे बी फार मऊ, गर पांढरा.

आता मुद्द्याची गोष्ट. या साऱ्या खुणा झाडाच्या व फळाच्या आहेत. पिशवीतल्या हातभर कलमावर त्या दिसत नाहीत. विकणारा म्हणेल ती जात, आणि खरे काय ते कळते दोन-तीन वर्षांनी, पहिले फळ धरल्यावर. तोवर खत, पाणी, मजुरी सारे खर्च झालेले असते. सहा मीटर अंतरावर एकरी 110 च्या आसपास झाडे बसतात. ती सगळी उपटायची कोणी?

म्हणून तीन गोष्टी करा. एक, आधीच्या हिवाळ्यात रोपवाटिकेत जा आणि ज्या झाडावरून कलमे बांधतात ते झाड फळांसकट पाहा. फळ कापून गर आणि बी बघा, चव घ्या. दोन, बियांची रोपे घेऊ नका. पेरूत परपरागीकरण होते, त्यामुळे बियांपासून आईसारखेच झाड येईल याचा भरवसा नाही. गुटी किंवा दाब कलमच घ्या. तीन, कृषी विद्यापीठाची किंवा सरकारमान्य रोपवाटिका निवडा. पावतीवर जातीचे नाव लिहून घ्या आणि ती पावती जपून ठेवा.

कोणती जात लावायची ते तुमचा बाजार ठरवील. पण लावाल ती पाहून, चाखून लावा.