शीर वाचवणारी नळी



प्रत्येकानं आपल्या कामाबद्दल बोलायचं असं ठरलंय. मी गेली ३० वर्षं कर्करोगाच्या वॉर्डात सिस्टर आहे. त्यातला मोठा वेळ शिरा शोधण्यात गेला. म्हणून आज एका नळीबद्दल बोलते. आपल्या वयात ती कुणाच्याही घरी येऊ शकते.

केमोची काही औषधं फार जहाल असतात. हाताच्या बारीक शिरेतून ती पुन्हा पुन्हा दिली की शीर सुतळीसारखी कडक होते. औषध बाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं. चौथ्या-पाचव्या वेळेला रुग्ण आजारापेक्षा सुईला जास्त घाबरतो. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत मात्र रक्ताचा ओघ इतका असतो की औषध लगेच पातळ होतं. प्रश्न दोन होते : तिथे पोहोचायचं कसं, आणि महिनोन् महिने नळी ठेवायची कशी?

पहिल्याचं उत्तर १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरानं दिलं. वरिष्ठांची परवानगी नव्हती. निर्जंतुक साहित्य गेर्डा डिट्झन या नर्सच्या ताब्यात होतं. ती स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाली. त्यानं तिला टेबलाला बांधलं आणि नळी घातली स्वतःच्याच हाताच्या शिरेत! मग चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. नळी हृदयापर्यंत पोहोचलेली दिसली. १९५६ साली त्याला नोबेल विभागून मिळालं. गेर्डाचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेतलं.

दुसऱ्याचं उत्तर १९७३ मध्ये ब्रोव्हियाक यांच्या मऊ सिलिकॉनच्या नळीनं दिलं. ही नळी छातीच्या कातडीखालून बोगद्यासारखी नेतात. तिच्यावर डॅक्रॉनच्या कापडाची छोटी पट्टी असते, ती कातडीखाली राहते. काही आठवड्यांत शरीराचे तंतू त्या कापडात शिरतात, नळी पक्की बसते आणि बाहेरच्या जंतूंची वाट अडते. चादरी-टॉवेलच्या या गावाला हे वेगळं समजवायला नको. धाग्यात धागा गुंतला की पकड बसते!

१९७९ मध्ये सिएटलच्या हिकमन यांनी हीच नळी जास्त रुंद केली, बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या रुग्णांसाठी. मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. तेव्हा आपण सातवीत होतो. त्याच सुमाराला पोर्ट आला : कातडीखाली बसवलेली नाण्याएवढी डबी, बाहेर काहीच लोंबत नाही. आंघोळ करा, कामावर जा. दंडातून घालायची पिक लाइनही आता सर्रास वापरतात.

पण नळी हॉस्पिटलात बसते आणि राहते घरी. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथेच १९८७ साली सुरू झाली. म्हणजे हा आजार आपल्या खेड्यापाड्यांत आहे, हे केव्हाच लिहिलं गेलंय. एका यंत्रमाग कामगाराच्या बायकोनं मला विचारलं होतं, "सिस्टर, एका खोलीत माग, तिथंच आमची चूल. एवढ्या सुताच्या धुळीत नळी कशी सांभाळू?" तिनं सांभाळली. एक स्वच्छ डबा, एक साबण, आणि नळीला हात लावण्याआधी दरवेळी हात धुणं. पोराची केमो त्याच नळीवर पूर्ण झाली.

तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवा. पट्टी ओली झाली किंवा सुटली तर त्याच दिवशी बदलून घ्या. नळी धुवायची तारीख चुकवू नका. वापर नसला तरी पोर्टही ठरलेल्या वेळी धुवावा लागतो. ताप आला, विशेषतः नळी धुतल्यावर थंडी वाजली, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच निघा. आणि कोणी नळीला हात लावायला आलं, अगदी डॉक्टरसुद्धा, तर "हात धुतलेत का?" असं विचारा. यात उद्धटपणा नाही. आपल्या बाईंनी डबा खाण्याआधी रोज हेच विचारलं होतं.

माझा नंबर वर्गाच्या यादीत आहे. कुणाच्या घरी अशी नळी आली तर फोन करा. रात्री केलात तरी चालेल.