एकाच नावाचे दोन संघ

मँचेस्टर युनायटेड हे नाव फुटबॉलच्या जगात कोणाला ठाऊक नाही? त्या नावाने खेळणाऱ्या स्त्रियांची हकीकत मात्र निराळी आहे. चाहत्यांच्या मंडळातून उभा राहिलेला त्यांचा संघ क्लबने २००१ साली पदरात घेतला आणि २००५ साली मोडून टाकला. लहान मुलींचे शिक्षण चालूच राहिले; पण मुलगी मोठी झाली, खेळात तयार झाली, की तिने दुसरा क्लब शोधावा. रोप आपण वाढवायचे आणि फळ धरण्याच्या सुमारास शेजाऱ्याच्या परसात लावून द्यायचे, असा हा अजब व्यवहार!

नवा संघ निघाला तो २०१८ साली. क्लबवाचून त्याचे चालणार नाही, हेही खरेच. मैदान, वैद्य, वेतन, सारे तेथूनच येते. या परावलंबनाचे मूळ जुने आहे. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ पासून सुमारे पन्नास वर्षे आपल्या क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद ठेवली होती. ज्यांना अंगणच मिळाले नाही, त्यांनी घर बांधावे कोठे?

१२ मे २०२४ रोजी या संघाने वेम्बलीच्या मैदानावर टॉटनहॅमचा ४-० असा पराभव करून एफ. ए. कप प्रथमच जिंकला. प्रेक्षक ७६ हजारांवर होते. क्लबचे सहमालक सर जिम रॅटक्लिफ त्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर पुरुषांचा सामना पाहत होते. त्याच उन्हाळ्यात कॅरिंग्टन येथील पुरुषांच्या सराव-इमारतीचे नूतनीकरण निघाले, तेव्हा पुरुष स्त्रियांच्या इमारतीत राहावयास गेले आणि स्त्रिया तात्पुरत्या उभारलेल्या खोल्यांत. ती इमारत आदल्याच वर्षी उघडली होती.