मालगाडीचा नकाशा आणि आपली माणसे
(संस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मुंबईचा रेल्वे नकाशा म्हटला की चर्चगेट, दादर, ठाणे ही स्टेशने आपल्या डोळ्यांपुढे येतात. मी आज बोलणार आहे तो नकाशा निराळा आहे. तो प्रवाशांसाठी नव्हे, मालासाठी काढलेला आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, हे आपण शाळेत शिकतो. पुढे बंदर वाढले. १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, सुरू झाला. १ जानेवारी १९१५ पासून बंदराची स्वतःची रेल्वे धावू लागली. बॅलार्ड पिअर ते वडाळा हा तिचा मार्ग सुमारे साडेसात मैलांचा होता. वडाळ्याला ती जी.आय.पी. आणि बी.बी.सी.आय. या दोन्ही मोठ्या रेल्वेंना जोडलेली होती. बोटीतून उतरलेला माल वाघिणीत चढला की तसाच देशभर जाई.

या भागाचा जुना नकाशा पसरून नुसती नावे वाचा. ग्रेन डेपो, कॉटन डेपो, लाकडी बंदर, कोळसा बंदर. शहर कशावर जगत होते ते या नावांतच लिहिलेले आहे. हार्बर मार्गावरचे कॉटन ग्रीन हे नाव आपण रोज ऐकतो, पण तिथल्या कापसाच्या गोदामांची आठवण कितीजणांना होते?

मी बँकेत काम करतो. खतावणीची एकच बाजू पाहून हिशेब कळत नाही, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात. या नकाशाचीही एकच बाजू छापलेली आहे. रूळ आहेत, शेड आहेत, धक्के आहेत. पोती पाठीवर वाहणारा माणूस मात्र कुठेच नाही. त्या माणसांत बोटीने मुंबई गाठलेले आपले कोकणी लोक पुष्कळ होते.

१४ एप्रिल हा आपल्या जयंतीचा दिवस. १९४४ साली त्याच दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन या बोटीचा स्फोट झाला. तिच्यात कापूस होता आणि दारूगोळाही होता. शेकडो माणसे गेली. गोदी पुन्हा बांधली गेली, नकाशेही पुन्हा काढले गेले. गेलेल्यांपैकी कितीतरी मजुरांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला, तेव्हा कुठे हा कामगार सरकारी कागदावर नीट दिसू लागला.

पुढे कंटेनर आले आणि हातांचे काम कमी झाले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. दिवा-पनवेल, दिवा-वसई या मार्गांनी माल शहराला वळसा घालून जाऊ लागला. गोदीतल्या रुळांचा व्याप ओसरला. रूळ उखडले की उरतो तो फक्त नकाशा.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून एक काम सांगतो. पूर्णगड आणि आसपासच्या वाड्यांतून मुंबईला गेलेले वडीलधारे अजून आहेत. कुणी गोदीत होते, कुणी मालधक्क्यावर. त्यांच्याजवळ बसा. कुठल्या शेडमध्ये काम केले, काय उचलले, मजुरी किती मिळाली, हे विचारा आणि वहीत लिहा. मग नकाशावर त्या जागी त्यांचे नाव घाला. परीक्षेत याला गुण नाहीत, पण आपल्या खतावणीची कोरी राहिलेली बाजू त्यानेच भरेल.

एवढे बोलून मी थांबतो. जयभीम!