मजहरावर निशाणी कोणाची?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक चिटणिसांनी आम्हांस दिली, तेव्हा संतवाङ्मयावर तासभर बोलून आपला निरोप घ्यावा असाच आमचा मानस होता. परंतु गेल्या महिन्यात मंडळाच्या कचेरीत एक अर्ज आला, आणि तो वाचल्यापासून दुसऱ्या कोणत्याही विषयावर आमचे चित्त लागेना.

आपल्या इमारतीच्या दोन चौक अलीकडे रोज सकाळी सातच्या सुमारास शे-सव्वाशे माणसे कामाच्या प्रतीक्षेत उभी असतात, हे येताजाता आपण सर्वच पाहतो. मुंबईत अशा जागेला नाका म्हणतात, पुण्यात मजूर अड्डा, दिल्लीत लेबर चौक. गवंडी थापी पुढे ठेवून बसतो, रंगारी ब्रश घेऊन, सुतार करवत घेऊन. आणि ज्यांच्यापाशी दोन हातांवाचून दुसरे काही नाही ते बिगारी नुसतेच उभे असतात. या लोकांना तेथून हलवावे, अशी महापालिकेस विनंती करणारा तो अर्ज आहे. रहदारीस अडथळा, अस्वच्छता, महिलांना वाटणारा संकोच आणि चोऱ्यांचे भय अशी चार कारणे त्यात दिली आहेत. खाली दुकानदारांच्या आणि रहिवाशांच्या सह्या आहेत. अखेरची ओळ आपल्या मंडळासाठी रिकामी ठेवली आहे.

अर्जातील गाऱ्हाणी खोटी आहेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्या घराच्या कुंपणालगत रोज पन्नास माणसे आडोसा शोधतात, त्या घरच्या गृहिणीचा संताप रास्तच आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. या तंट्यात पक्षकार कोण कोण, याची गणती कोणी केली?

हल्ली कचेऱ्यांतून 'स्टेकहोल्डर' हा शब्द फार कानी पडतो. मूळ इंग्रजीत त्याचा अर्थ मोठा गमतीचा होता. दोघांनी पैज मारली की दोघांच्या रकमा ज्या तिऱ्हाइताच्या हाती ठेवीत, तो स्टेकहोल्डर. त्याचे स्वतःचे त्या पैजेत काहीच गुंतलेले नसे! पुढे अर्थ पालटला आणि ज्याचे काही गुंतलेले आहे तो, असा झाला. आपण त्यास हितसंबंधी म्हणू. हा शब्द येण्यापूर्वीही आपल्याकडे तो व्यवहार होता. शिवकाळात आणि पेशवाईत गावचा तंटा गोतसभेपुढे येई. निवाड्याचा जो कागद होई तो मजहर. त्यात सभेस कोण कोण हजर होते त्यांची नामावळी, म्हणजे हाजिरमजालस, लिहिलेली असे. पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्यारांची. निवाडा काय झाला याच्या बरोबरीने निवाड्यास कोण बसले होते हेही नोंदवून ठेवणारी ही रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटते. तिच्यात उणीव होती ती एवढीच, की गावात मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग असत. उपरी कुळ जमीन कसे, सारा भरी. परंतु गावकीत मिरासदाराचा मान त्याला नसे. आज आपण ज्यास 'उपरा' म्हणतो तो शब्द याच घराण्यातला.

हे सारे सुचण्याचे निमित्त मात्र फार दूरचे आहे. २००६ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता कन्येकडे अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात काही महिने राहिलो होतो. डलेस विमानतळाजवळ हर्नडन नावाचे वीसबावीस हजार वस्तीचे गाव आहे. तेथील एल्डन रस्त्यावरच्या सेव्हन-इलेव्हन या दुकानाच्या वाहनतळावर कित्येक वर्षे रोज सकाळी मजूर जमत असत; बहुतेक मध्य अमेरिकेतून, एल साल्वादोर, होंडुरास, ग्वाटेमाला अशा देशांतून आलेले. स्पॅनिशमध्ये त्यांना 'जोर्नालेरो' म्हणतात, म्हणजे शब्दशः रोजंदार; आणि दुसरा शब्द आहे 'एस्किनेरो', कोपऱ्यावर उभा राहणारा. आपल्या 'नाका कामगार' या शब्दाचा हा सख्खा भाऊच.

तेथेही रहिवाशांची गाऱ्हाणी आपल्या अर्जातल्यासारखीच होती. मार्ग असा निघाला की मजुरांना एक नियत जागा द्यावी. ऑगस्ट २००५ मध्ये ग्रामपरिषदेने पाचास दोन मतांनी मान्यता दिली आणि डिसेंबरात जुन्या पोलीस ठाण्याच्या जागी केंद्र उघडले. चर्चसंस्था आणि स्थानिक मंडळी ते चालवीत. परंतु तोवर तंटा गावाचा राहिला नव्हता. 'ज्युडिशियल वॉच' या वॉशिंग्टनच्या संस्थेने काही रहिवाशांच्या वतीने दावा लावला होता. ॲरिझोनाच्या सीमेवर त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या 'मिनिटमेन' चळवळीची शाखा गावात निघाली होती. पुढे मे २००६ च्या निवडणुकीत केंद्राचे समर्थक महापौर मायकेल ओरायली आणि त्यांच्या बाजूचे दोन सभासद पराभूत झाले. आम्ही पोहोचलो तेव्हा केंद्र चालू होते, पण त्याचे दिवस भरत आले होते.

जावयांना परसात कुंपणाचे खांब रोवायचे होते. एका शनिवारी त्यांनी त्या केंद्रावरून दोघांना आणले. सौभाग्यवतीने दुपारी पोहे केले. त्यांतील हिरवी मिरची पाहून दोघेही खुलले. संध्याकाळी जावयांनी ठरलेली मजुरी हातावर ठेवली, तेव्हा त्या दोघांतील वयस्क माणसाने ती आमच्या देखत मोजली, आणि मग पुन्हा एकदा मोजली. आम्हांस त्याचा राग आला. दुपारी पोहे खाऊ घालणाऱ्या घरावर हा अविश्वास! पुढे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली एक देशव्यापी पाहणी आमच्या वाचनात आली. आबेल वालेन्झुएला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील २६४ नाक्यांवर २,६६० मजुरांना गाठून ती केली होती. त्यांतील जवळजवळ निम्म्या लोकांची मजुरी गेल्या दोन महिन्यांत एकदा तरी कोणीतरी बुडवली होती. तो माणूस दोनदा का मोजत होता हे आम्हांस तेव्हा उमगले, आणि आपल्या रागाची लाज वाटली.

त्याच पाहणीत दुसरा एक आकडा होता. या मजुरांना कामावर नेणाऱ्यांत सर्वांत मोठा वर्ग कंत्राटदारांचा असेल अशी आमची समजूत होती. कंत्राटदार ४३ टक्के निघाले. ४९ टक्के निघाले घरमालक. म्हणजे बागेतले गवत कापून घेणारा, माळा साफ करवून घेणारा, कुंपण घालून घेणारा सामान्य गृहस्थ. आमचे जावई त्यांतलेच, आणि त्यांच्या ओसरीवर बसून खांब ओळंब्यात आहेत की नाही हे पाहणारे आम्हीही त्यांतलेच. हर्नडनच्या सभांतून मजुरांच्या विरुद्ध बोलणारे पुष्कळ होते, मजुरांच्या बाजूने बोलणारेही होते. पण "शनिवारी गाडी थांबवून माणूस नेतो तो मी" असे म्हणत हा निम्मा भाग कधी पक्षकार म्हणून उभा राहिला, असे आमच्या तरी वाचनात आले नाही. विनोद असा की त्यास अचूक ओळखले ते मिनिटमेन लोकांनी. ते कॅमेरे घेऊन उभे राहात आणि मजुरांबरोबर त्यांना गाडीत बसवणाऱ्यांचीही छायाचित्रे घेत. त्यांचा हेतू आम्हांस मान्य नाही, परंतु गणती बिनचूक होती असे म्हणावे लागते.

ज्याचे केवळ मत आहे तो आणि ज्याचे काही गुंतले आहे तो, यांतही फरक केला पाहिजे. मत असणारे शेकडो मैलांवरून येतात, आवाज चढवतात आणि जातात; दुसऱ्या दिवशी सकाळी वाहनतळासमोरच्या घरातली बाई आणि वाहनतळावरचा माणूस हे दोघेच एकमेकांसमोर उरतात. शिवाय 'मजूर' हा तरी एक पक्ष कोठे असतो? रीतसर कागदपत्रांनिशी वीस वर्षे त्याच गावात राहिलेल्या स्पॅनिशभाषी कुटुंबालाही त्या वर्षात लोक निराळ्या नजरेने पाहू लागले होते. आपल्या चौकातही जुन्या गवंड्याला नव्याने आलेला स्वस्त गवंडी नकोसा असतो. आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालते, ती गावाकडची कुटुंबे तर कोणत्याच यादीत नसतात.

हर्नडनचा शेवट थोडक्यात सांगतो. अमेरिकेत रस्त्याच्या कडेला उभे राहून काम मागणे हे भाषणस्वातंत्र्याच्या कक्षेत येते. म्हणून रस्त्यावर बंदी घालायची तर पर्यायी जागा द्यावी लागते. नव्या परिषदेला रस्ता मोकळा हवा होता, पण केंद्रात कागदपत्रे पाहूनच प्रवेश द्यायचा होता. दोन्ही साधेना. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायालयाने रस्त्यावरील बंदी घटनाबाह्य ठरवली आणि सप्टेंबरात केंद्र बंद झाले. माणसे पुन्हा रस्त्याच्या कडेला आली. ज्यांना ती नजरेआड हवी होती, त्यांनीच त्यांची आडोशाची जागा बंद करून घेतली होती.

आता आपल्या चौकाकडे वळू. एक भेद प्रथमच मान्य केला पाहिजे. त्या देशातील पाहणीत तीनचतुर्थांश मजुरांपाशी वास्तव्याचे कागद नव्हते. आपल्या चौकातील माणूस या देशाचा नागरिक आहे. देशात कोठेही जाण्याचा, राहण्याचा आणि धंदा करण्याचा अधिकार त्याला घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिला आहे. तोच अनुच्छेद आपल्यालाही या परक्या मुलखात घर बांधू देतो, गणपती बसवू देतो. मुंबईत १९६६ नंतर आणि पुन्हा २००८ साली परप्रांतीयांविरुद्ध आंदोलने झाली, तेव्हा येथे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना आपली काय तारांबळ उडाली, हे ज्येष्ठ सभासदांना स्मरत असेल. आणि बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला कर्नाटकात जातात, तेव्हा तेथील गावच्या कडेला पाले ठोकून राहणारे उपरे मराठीच बोलत असतात.

कायद्याने या लोकांसाठी काहीच केले नाही असेही नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कल्याण मंडळे निर्माण केली. त्यांत नोंदणी व्हायची तर मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही अट कायम ठेवली आहे. एका ठिकाणी नव्वद दिवस राबणाऱ्यास हे सोपे आहे. परंतु ज्याचा मालक रोज बदलतो, त्याच्या दिवसांचा दाखला कोणी द्यावा? सोमवारी स्नानघराच्या फरश्या बसवून घेणाऱ्याने की मंगळवारी गच्ची गळते म्हणून बोलावणाऱ्याने? नव्वद दिवस भरलेले असतात, सही नसते. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि पुढल्या काही आठवड्यांत हाच चौक ओस पडला. त्या उन्हाळ्यात नळाची गळती काढायला माणूस मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्यांत आम्हीही होतो. ते गेले कोठे, हे मात्र आम्ही विचारले नाही.

बोलण्यापूर्वी आम्ही कोषाध्यक्षांची अनुज्ञा घेऊन मंडळाची खर्चाची वही पाहिली. सुवर्णमहोत्सवानिमित्त या सभागृहाला रंग दिला, तो त्याच चौकातून आणलेल्या माणसांनी. वहीत 'रंगकाम मजुरी, नऊ दिवस' अशी नोंद आहे. रक्कम चोख लिहिली आहे. नाव एकही नाही. कोषाध्यक्षांस दोष देण्याचा हेतू नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही असेच लिहिले असते. पण अर्जावरील ती रिकामी ओळ भरताना हे ध्यानी असावे, की येथे आपण त्रयस्थ साक्षीदार नाही. ज्या भिंतीला आपण पाठ टेकून बसलो आहोत, तिच्यावर त्यांच्या नऊ दिवसांचे काम आहे.

तो अर्ज येत्या रविवारी कार्यकारी मंडळापुढे यावयाचा आहे. आमची विनंती लेखी दिलेली आहे. सही करावयाची की नाही हे ठरण्यापूर्वी कुंपणालगतच्या त्या घरच्या बाईंना बोलवावे, दोन दुकानदारांना बोलवावे, आणि चौकातील चार माणसांनाही बोलवावे. बैठक मात्र संध्याकाळी असावी, कारण सकाळची बैठक म्हणजे त्यांचा एक रोज बुडाला. चौकात स्वच्छतागृह आणि पाण्याचा नळ मागणारा दुसरा एखादा अर्ज निघतो का, हेही तेव्हाच पाहता येईल. आणि रंगकामाच्या त्या नऊ दिवसांचे दाखले मंडळाच्या शिक्क्यानिशी द्यावेत.

त्यासाठी नावे लागतील. आपला रखवालदार त्यांतील दोघांना ओळखतो. उद्या सकाळी सात वाजता आम्ही त्याच्याबरोबर चौकात जाणार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी साडेसहाला फाटकापाशी यावे.